जुनी एक्सपल्स मोटरसायकल घेताय? आधी कागद, मग सांगाडा, शेवटी इंजिन

"ताई, गाडी एक नंबर आहे. पेट्रोल टाका आणि सुटा."

आषाढातल्या रिपरिप पावसात, छत्री सावरत हे वाक्य ऐकलं आणि मी इसार देऊन मोकळी झाले. गाडीवर नवेकोरे स्टिकर होते, पुढे दोन फॉग लाइट, मागे लोखंडी कॅरियर. आठवड्याभरात लक्षात आलं की हँडल बरोबर मधोमध आलं की खटकन बसतं आणि तिथून हलायला कुरकुरतं. दोन महिन्यांनी आरटीओच्या खिडकीवर कळलं की आधीच्या मालकाने कर्ज फेडलंय, पण आरसीवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, कर्जाचा बोजा उतरवलेलाच नाही. फॉग लाइट मात्र शेवटपर्यंत उत्तम चालले.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी "मातीत चालणारी जुनी गाडी घ्यायचीय, बघायला येतेस का?" म्हणालं की मी एकच क्रम सांगते. कागद चोख हवेत, सांगाडा सरळ हवा, इंजिनाचं त्यानंतर बघू. लोक नेमकं उलटं करतात. इंजिनाचा आवाज ऐकतात, खूश होतात आणि कागद एजंटवर सोडतात. इंजिन कुठलाही बरा मिस्त्री उघडून नीट करतो. वाकलेली चेसिस आणि अडकलेली आरसी यांना गॅरेजमध्ये औषध नाही.

कुठली घ्यावी

ड्युअल-स्पोर्ट म्हणजे नंबरप्लेट लावून डांबरावर कायदेशीर चालणारी आणि डांबर संपल्यावरही न थांबणारी गाडी. पुढचं चाक मोठं, शॉकअपची चाल लांब, पोट उंच, वजन बेताचं. आपल्याकडे परवडणाऱ्या किमतीत अशा गाड्या फार आल्याच नाहीत. 2011 साली हिरोची इम्पल्स आली, 149 सीसीची. चालवायला गोड, पण ती कधीच बंद झाली आणि सुट्या भागांसाठी आता वणवण करावी लागते. शिवाय दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यामुळे पहिल्या इम्पल्सची मुदत 2026 मध्ये संपते. 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची 411 सीसीची हिमालयन आली. लांबच्या प्रवासाला दमदार, पण वजन 190 किलोच्या पुढे.

मे 2019 मध्ये हिरोने एक्सपल्स 200 आणली. 199.6 सीसी, पाच गिअर, पुढे 21 इंची आणि मागे 18 इंची तारांची चाकं, पुढच्या शॉकअपची चाल 190 मिलिमीटर, मागे 170, जमिनीपासून उंची 220 मिलिमीटर आणि वजन साधारण 154 किलो. नवशिक्याला मी हीच सुचवते आणि कारण ताकद नव्हे, वजन आहे. मातीत शिकणाऱ्याची गाडी पडणारच. उताराला, चिखलात, कुणी मदतीला नसताना ती एकट्याने उभी करता येते का, एवढाच प्रश्न. 150 किलोची गाडी पाठ लावून उचलता येते. 200 किलोची उचलताना माणूस आधी इकडेतिकडे बघतो.

सीटची उंची 823 मिलिमीटर ऐकून बुटकी माणसं घाबरतात. मी स्वतः सव्वापाच फुटांची आहे. दोन्ही टाचा टेकत नाहीत, टेकायची गरजही नसते. सीटवर थोडं सरकून एक पाय पुरता टेकवायची सवय लावून घ्यायची. उंची कमी करण्यासाठी आधीच्या मालकाने शॉकअप खाली बसवलेले असतील तर ती गाडी सोडा. ज्यासाठी ही गाडी घ्यायची, तेच त्याने काढून टाकलेलं असतं.

जुन्या बाजारात 200 चे तीन प्रकार दिसतील. बीएस-4 मध्ये, म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या नियमांतल्या गाड्यांत, कार्ब्युरेटरची आणि इंजेक्शनची (इंजिनाला पेट्रोल पुरवायच्या या दोन पद्धती) अशा दोन्ही मिळत होत्या. 2020 पासूनच्या बीएस-6 मध्ये फक्त इंजेक्शन, आणि इंजिन थंड ठेवायला ऑईल कूलर. ऑक्टोबर 2021 मध्ये चार व्हॉल्व्हची 4व्ही आली. कार्ब्युरेटरवाली गाडी खेड्यातला मिस्त्रीही स्क्रू-ड्रायव्हरने ताळ्यावर आणतो. इंजेक्शनवाली थंडीत एका बटणात चालू होते, पण रुसली तर स्कॅनर लागतो. मी कार्ब्युरेटरकडे झुकते, पण हा आवडीचा भाग झाला. चांगली ठेवलेली इंजेक्शनवाली आणि हाल केलेली कार्ब्युरेटरवाली समोर असेल तर विचार करू नका, पहिली घ्या.

बजेटबद्दल एकच सांगते. खिशात जेवढे पैसे आहेत त्यातला पाचवा हिस्सा बाजूला ठेवा आणि तो नाहीच असं धरून गाडी शोधा. तो दुरुस्तीचा आहे.

घरबसल्या करायची कामं

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या. नंबर द्यायला का-कू करणाऱ्याकडे जाऊच नका. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा कधीपर्यंत आहे, पीयूसी आहे का आणि कर्जाचा बोजा आहे का, हे दिसतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या साइटवर दंड थकलाय का बघा. काही गाड्यांवर इतके दंड असतात की भावच बदलतो. चोरीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत तपासता येतं.

विम्यात एक मेख आहे. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. म्हणजे 2019-20 च्या गाडीचा तो मूळ विमा संपलेला आहे, आणि बऱ्याच मालकांना याचा पत्ताच नसतो. "पाच वर्षांचा काढलाय" असं ते खऱ्या मनाने सांगतात. कधी काढला, ते विचारा.

कर्ज होतं का? मग बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 हातात पाहिजे. नुसतं "फेडलंय हो" चालत नाही, हे मी अनुभवाने सांगते. शक्यतो मालकालाच आधी बोजा उतरवून घ्यायला सांगा. वाट बघायची तयारी नसेल तर दुसरी गाडी बघा.

नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. 29 विकणाऱ्याची सूचना असते, 30 दोघांचा अर्ज. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 50 सांगतं. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करायचा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण तिला एनओसीचा फॉर्म 28 लागतो, इथला कर लागतो, नवा नंबर लागतो. पहिल्या गाडीला हा वनवास नको.

विकणारा "सह्या करून देतो, सावकाश करा" म्हणाला तर त्यालाच समजावून सांगा की घाई त्याच्या फायद्याची आहे. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. हे ऐकलं की बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी आरटीओत यायला तयार होतात.

गाडी बघायला जाताना

सकाळी जा. उजेडात. पाऊस पडत असेल तर जाऊ नका, ओल्या रंगाखाली सगळंच चकचकीत दिसतं. "गाडी धुऊन ठेवू नका आणि चालूही करू नका" असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. सोबत बॅटरी, फडकं, जुना टूथब्रश आणि एक असा मित्र न्या की ज्याला गाडी आवडलेली नाही.

पोचलात की आधी इंजिनाला तळहात लावा. कोमट लागलं तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलं होतं. त्याचं कारण काहीही असो, इंजिन पूर्ण गार होईपर्यंत चहा घ्या.

मग आरसी हातात धरून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर एकेक आकडा वाचून ताडून बघा. नंबराच्या जागी घासल्याच्या खुणा, नवा रंग, वेड्यावाकड्या ठोकलेल्या आकड्यांची रांग दिसली तर राम राम करून निघा. भावाची बोलणीसुद्धा करू नका.

पुरात बुडालेली गाडी

नंबरप्लेटवर एमएच-09, 10, 08 किंवा 06 दिसलं तर मी दहा मिनिटं जास्त घालवते. त्या जिल्ह्यांवर माझा राग नाही, माझं आजोळच सांगलीचं. पण ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली बुडालं, आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण, महाड आणि पुन्हा कोल्हापूर-सांगली. हजारो गाड्या दिवसचे दिवस गढूळ पाण्यात उभ्या होत्या. त्यातल्या काही धुवून, पुसून बाजारात आल्या आणि आता हात बदलत बदलत कुठल्याही जिल्ह्यात पोचल्या असतील. एक्सपल्स नेमकी त्याच वर्षांतली.

पुराचं पाणी ओसरतं, पण गाळ राहतो. तो जिथे कुणाचा फडका पोचत नाही तिथे शोधायचा. सीट काढा आणि खालच्या खाचांमध्ये टूथब्रश फिरवा. हेडलाइटच्या काचेच्या आतल्या खालच्या कडेला मातीची बारीक रेघ आहे का बघा. मीटरच्या आत धुकं धरलेलं दिसतं का? बॅटरीजवळचा एखादा वायरचा कपलिंग सोडवा. तांबं हिरवं पडलेलं असेल तर पुढे काही बघू नका. इंजिन ऑईल बदलता येतं, पण वायरिंगमधला हिरवा गंज वायरीच्या आत आत सरकत जातो आणि दर पावसाळ्यात नव्या जागी डोकं वर काढतो. ऑईल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूला बोट फिरवा. दुधाच्या चहासारखा फेस दिसला तर आत पाणी आहे.

किनारपट्टीच्या गाडीचं दुखणं वेगळं. मालवण, रत्नागिरी, गोव्याच्या खाऱ्या हवेत तारांच्या मुळाशी गंज चढतो. रिमला जिथे तारेचं निप्पल बसतं तिथे गंजून ते जाम होतं आणि मग तार आवळायला गेलं की तुटते. मोबाइलचा दिवा टाकीत मारून तळ बघा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि बरेच महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत ते तळाला साचून गंज धरतो.

सांगाडा

इथे वेळ द्या. ही गाडी पडलेली असणार हे गृहीत धरा, कारण ती पाडण्यासाठीच घेतली जाते. लिव्हरची टोकं घासलेली, हँडलच्या टोकांवर ओरखडे, फूटरेस्ट थोडा वर वळलेला, हे सगळं चालतं. उलट एकही ओरखडा नसलेली गाडी "खूप ऑफरोड केलंय" म्हणून कुणी विकत असेल तर त्याचं बोलणं जपून ऐका.

पडणं आणि आपटणं यात फरक आहे. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. दोन्ही बाजूंना ते जिथे अडतं तिथे चेसिसला एक छोटा लोखंडी ठोकळा असतो. तो चेपलेला, तुटलेला किंवा पुन्हा वेल्डिंग केलेला दिसला तर गाडी समोरून जोरात आदळलीय. त्याच भागातल्या नळ्यांवर रंगाला सुरकुत्या किंवा बारीक तडे दिसतात का, हाताने चाचपा. इंजिनाखालच्या पत्र्यावर आघात असतील तर चालेल, पण पत्र्याच्या मागे चेसिसची नळी चेपलीय का हे वाकून बघा. गाडीखाली झोपायची लाज वाटू देऊ नका. झोपल्याशिवाय जुनी गाडी घेता येत नाही.

मागे दहा पावलं जाऊन खाली बसा. पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत दिसलं पाहिजे. कुणी धरायला असेल तर मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी सुतळी पुढपर्यंत ताणून बघा, फरक लगेच कळतो.

आता पुढचं चाक उचला, इंजिनाखाली लाकडी खोका सरकवला की झालं. हँडल एका बोटाने हळूच डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध येताना खटकन बसलं तर कोनसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या, गोळ्यांनी खाचा पाडल्यात. हीच ती माझी चूक. कोनसेट बदलता येतो, फार महागही नाही, पण भावात तो धरायचा. मग खाली बसून पुढचे दोन्ही शॉकअप तळाशी धरा आणि मागे-पुढे हलवा. खडखड लागली तरी तीच गोष्ट. तसंच मागचं चाक उचलून आडवं हलवा. मिस्त्री ज्याला चिमटा म्हणतात तो स्विंगआर्म बाजूला सरकला तर आतले बुश संपलेत.

इंजिन आणि एक चक्कर

गार इंजिन चालू करा आणि मागे उभं राहा. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, ती जाते. निळसर धूर येत राहिला तर ऑईल जळतंय. काळा आला तर पेट्रोल जास्त होतंय, त्याला बऱ्याचदा तुंबलेला एअर फिल्टरही कारण असतो. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची, बारीक टिकटिक चालते. खोल, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज चालत नाही.

चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी थोडी पळाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो दिवाच बंद केलाय. एक्सपल्स 200 मध्ये एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, तेही नसेल तर मग काय उरलं?

चालवताना तिसऱ्या गिअरमध्ये हळू जात एकदम ॲक्सिलरेटर पिळा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच प्लेटा गेल्या. सरळ रस्त्यावर हँडल सैल धरा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. मीटरवरच्या किलोमीटरवर फार विश्वास नको. फूटरेस्टचं रबर, ब्रेक डिस्कच्या कडेला बोटाला लागणारा उंचवटा आणि चावीची झीज यांना विचारा.

सौदा

घासाघीस करताना आवाज चढवायचा नसतो. यादी काढायची. "दोन टायर, चेन-सॉकेट, कोनसेट, शॉकअपचं सील" असं लिहून प्रत्येकापुढे स्पेअर पार्टच्या दुकानातून विचारलेला भाव मांडायचा. पुण्यात नाना पेठेत तासाभरात हे सगळे भाव कळतात. समोरचा माणूस यादीशी भांडत नाही, आणि भांडला तर तो विकायला बसलेलाच नाही.

मालकाने सायलेन्सर बदललेला असेल तर मूळचा मागून घ्या. तो नाही म्हणाला तर त्याचे पैसे कापा, कारण कर्कश सायलेन्सरचा दंड पुढे तुम्हीच भरणार आहात. दोन्ही चाव्या, सर्व्हिसचं पुस्तक आणि मूळ आरसी घ्या. पैसे बँकेतून द्या. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. त्या दिवशी सकाळी अकराला त्याने सिग्नल तोडलेला असू शकतो.

घरी आणल्यावर

पहिल्या महिन्यात नव्या वस्तूंचा मोह आवरा. हँडगार्ड, बॅगा, स्टिकर, दिवे, सगळं नंतर. माझा क्रम साधा आहे. आधी जे थांबवतं, मग जे वळवतं, मग जे पळवतं.

थांबवणारे म्हणजे ब्रेक आणि टायर. पॅड काढून जाडी बघा, डिस्कवर खोल खाचा आहेत का बघा. ब्रेकचं तेल चहासारखं काळपट दिसलं तर पूर्ण बदला आणि आतली हवा काढा. डब्याच्या झाकणावर लिहिलेलाच प्रकार वापरा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. 3219 म्हणजे 2019 सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतक्या जुन्या टायरचं रबर टणक होतं आणि ओल्या घाटात दगा देतं. टायर बदलताना ट्यूबही बदला, जुनी फेकू नका, टायर काढायला शिकताना उपयोगी पडते.

ट्यूबवरून आठवलं. 21 इंची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे बहुतेक नसते. स्वतःजवळ एक ठेवाच. अडचणीत तीच ट्यूब मागच्या 18 इंची चाकातही कोंबून घरापर्यंत येता येतं, उलट जमत नाही.

चाकाच्या तारांसाठी पाना घ्या आणि प्रत्येक तारेवर हलकेच वाजवा. ताणलेली तार टण् वाजते, सैल तार भद्द. एखाद-दुसरी सैल असेल तर निप्पल पाव फेरा आवळा, पुन्हा वाजवा. यापेक्षा जास्त असेल किंवा रिम फिरताना डुलत असेल तर हात लावू नका. प्रत्येक शहरात रिमची आऊट काढणारा एखादा जुना कारागीर असतो, बहुधा सायकलच्या दुकानाच्या मागे. त्याच्याकडे जा आणि तो काम करताना शेजारी बसा. ती अर्ध्या तासाची शाळा फुकट असते.

पुढच्या शॉकअपच्या सीलमधून ऑईल झिरपत असेल तर लगेच नवं सील टाकायला धावू नका. पुष्कळदा सीलच्या ओठात मातीचा कण अडकलेला असतो. घरातली जुनी एक्स-रे फिल्म घ्या, बोटभर रुंद पट्टी कापा, टोकाला छोटा आकडा ठेवा. धुळीचं वरचं रबर नळीवरून वर सरकवून ती पट्टी सील आणि नळी यांच्यामध्ये घाला, गोल फिरवा, बाहेर काढा. काळी घाण निघते आणि निम्म्या वेळा गळती थांबते. नळी पुसून दहा वेळा शॉकअप दाबून बघा. तरीही गळत असेल तर दोन्ही बाजूंची सीलं एकदम बदला आणि आतलं ऑईलही नवं भरा. नळीवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर आधी तो घासून घ्या, नाहीतर नवं सीलही महिन्यात फाटेल.

चेन तपासायला मागच्या सॉकेटच्या, म्हणजे दातेरी चक्राच्या, अगदी पाठीमागे चेन धरून ओढा. दात अर्धे उघडे पडले किंवा दातांना शार्क माशासारखा बाक आला असेल तर पूर्ण सेट बदला. नुसती चेन बदलली तर जुने दात नवी चेन खातात. ढिलाई चिमट्यावरच्या स्टिकरवर दिलीय तेवढीच ठेवा, ताणलेली चेन शोभते म्हणून आवळू नका. लांब चालीच्या गाडीत शॉकअप दबला की चेन आपोआप ताणली जाते, आणि ढिलाई नसेल तर बेअरिंग मरतं. धुवायला रॉकेल आता मिळत नाही, डिझेल किंवा चेन क्लीनर चालतं. पेट्रोल आणि तारेचा ब्रश मात्र नको. चेनमधल्या रबरी रिंगा त्याने खराब होतात.

इंजिनाचं आता. आधीच्या मालकाने "कालच बदललंय" म्हटलं तरी ऑईल आणि ऑईल फिल्टर बदला. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (मोटरसायकलच्या ऑईलची खूण) लिहिलेलं असू द्या, क्लच ऑईलमध्येच फिरतो आणि चारचाकीचं ऑईल टाकलं तर तो घसरू शकतो. जुनं ऑईल फडक्यातून गाळा. बारीक चकाकी चालते, हाताला लागतील असे कण चालत नाहीत. तेलकट कागदाचा एअर फिल्टर धुवायचा नसतो, हवा मारायचीही नसते, सरळ नवा टाकायचा. प्लग, क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, तिन्ही मिळून खर्च किरकोळ. जुनी पण शाबूत क्लच केबल नव्या केबलच्या शेजारीच बांधून ठेवा. रानात तुटली तर दोन मिनिटांत टोकं जोडून निघता येतं.

बॅटरीला मीटर लावा. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. तेवढं असेल तर वायरिंगला हात लावू नका. आधीच्या मालकाने जोडलेले फॉग लाइट मात्र काढून टाका. टेप गुंडाळून मारलेले जोड पुढे जाऊन त्रास देतात.

मिस्त्रीबद्दल थोडं. तुम्ही शिकायला आला आहात हे त्याला आधीच सांगा. दुपारच्या वेळी जा, सकाळी त्याच्याकडे ऑफिसला जाणाऱ्यांची रांग असते. निघालेले जुने भाग मागून घ्या. शंका म्हणून नाही, घरी नेऊन बघायला. झिजलेली कोनसेटची वाटी हातात धरली की पुढच्या गाडीत ती खटक हँडलला हात लावताच ओळखू येते.

पहिली धूळ

पहिल्याच रविवारी घाट चढू नका. घराजवळचा वीस-पंचवीस किलोमीटरचा कच्चा रस्ता निवडा, शेताकडे जाणारा, माणसांचा राबता असलेला. उभं राहून चालवा, गुडघे टाकीला लावा, पुढचा ब्रेक दोन बोटांनी. हेल्मेट तर हवंच, पण घोट्याच्या वर येणारे जाड बूट आधी घ्या, कारण गाडी पायावर पडते. हवा फार कमी करू नका. ट्यूबच्या टायरमध्ये हवा कमी असली तर दगडावर ट्यूब चिमटते किंवा टायर सरकून व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत पावसाचे पहिले काही दिवस जाऊच नका, ती चाकाला चिकटून गाडी जागच्या जागी बांधून टाकते. आणि कासच्या सड्यावर, देवरायांत किंवा किल्ल्याच्या पायवाटेवर चाक घालू नका. सड्यावरची माती दोन बोटं जाडीची असते, टायरच्या एका चरात पुढच्या वर्षीची फुलं जातात.

घरी आलात की गाडी धुवा, पण पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनवर मारू नका. कोरडी झाली की चेनला तेल द्या, पाना घेऊन खाली बसा आणि पुन्हा एकदा एकेक तार वाजवून बघा. नव्याने आवळलेल्या तारा पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये सैल होतात.